जवारी कोणी लावली?

(सातारा इथे तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला 'मिरजेची तंतुवाद्यं आणि गंगा-जमनी तहजीब'. यातल्या पहिल्या अर्ध्या भागावर मी बोलणार आहे. दुसऱ्या अर्ध्यावर इतकं बोललं गेलंय की माझी भर पडायची गरज नाही. उरूस आला की बातम्या येतात: मुस्लिम कारागीर तंबोरा घडवतो, हिंदू गवई तो छेडून गातो, बघा कसं ऐक्य! खोटं नाही ते. पण अशा बातमीत मी एक गोष्ट शोधतो आणि ती सापडत नाही. त्या कारागिराला नेमकं येतं काय?

मी मूळचा कराडचा, इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. उद्या कोणी माझा सत्कार करून म्हणालं की हा मुलगा ऐक्याचं प्रतीक आहे, तर मी म्हणेन, साहेब, आभारी आहे, पण माझा कोड चालतो की नाही ते बघितलंत का? मिरजेच्या लोकांना हा प्रश्न विचारायची संधी मिळत नाही. म्हणून आज फक्त त्यांच्या कामाबद्दल बोलू.

मिरज आपल्याला माहीत असतं ते रेल्वे जंक्शन म्हणून आणि दवाखान्यांसाठी. तिथे सतारमेकर गल्ली आहे. 'सतारमेकर' हे आडनावसुद्धा आहे, अर्धं आपलं, अर्धं इंग्रजी. ही घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घडवणारे, त्यांना धार लावणारे. मिरजेत सांगतात ती हकीकत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम संपत आलं, तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं संस्थानातल्या गवयांची वाद्यं दुरुस्त करायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता, गावात गवई राहायचे, वाद्यं मोडायची. दुरुस्ती करता करता वाद्य उलगडलं आणि मग नवीन घडवणं सुरू झालं.

मला या गोष्टीत रस आहे तो वेगळ्या कारणानं. आमच्या क्षेत्रात दर पाच वर्षांनी एखादं तंत्र मरतं आणि माणसं घाबरतात. इथे एका अख्ख्या बिरादरीचा धंदा गेला, आणि कानस चालवण्याचा हात, धातूची समज, धार बघणारी नजर, एवढ्या भांडवलावर त्यांनी दुसरं काम शोधलं. जुनं कौशल्य वाया गेलं नाही. ते कुठे वापरलं गेलं, ते पुढे येईलच.

आता वाद्य. हा समोर ठेवलाय तो तंबोरा. खालचा गोल भाग लाकडाचा नाही, भोपळा आहे. खायचा नव्हे, कडू भोपळा, जाड सालीचा. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठानं त्याची शेती होते. तो वाळवून मिरजेला येतो. मोठा, गोल, डाग नसलेला भोपळा मिळणं हीच पहिली अडचण. पाऊस वेळीअवेळी पडला की पीक जातं, आणि तंबोऱ्याचा भाव तिथूनच चढायला लागतो. भोपळा कापतात, भिजवतात, आकार देतात, पुन्हा वाळवतात. त्याला लाकडाचा गळा जोडतात, वर पोकळ दांडी, समोर पातळ तबली. लाकूड बहुतेक तुणीचं. हलकं असतं आणि नीट मुरलं की वाकत नाही. तबली किती पातळ करायची हे बोटानं टकटक करून ठरतं. पूर्वी नक्षीला आणि घोडीला हस्तिदंत, सांबरशिंग वापरायचे. वन्यजीव संरक्षणाचे कायदे आले तसं ते थांबलं. आता हाड, काळं लाकूड, कृत्रिम पदार्थ वापरतात. नक्षीबद्दल मी जास्त बोलत नाही. ती सुंदर असते, फोटो तिचेच निघतात, आणि आवाजाशी तिचा काही संबंध नसतो.

तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. मधल्या बोटानं पहिली, तर्जनीनं पुढच्या तीन, एकामागून एक, न थांबता. सूर बदलत नाही, बोटं पडदे दाबत नाहीत, कारण पडदेच नाहीत. मग या वाद्यात अवघड ते काय? अवघड सगळं इथे आहे, या घोडीवर.

गिटारची घोडी तुम्ही बघितली असेल. तार एका धारेवर टेकते आणि तिथे तिची लांबी संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, दोन-तीन बोटं, आणि तिचा माथा अगदी किंचित गोलसर असतो. तार त्यावर लोळते. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये हा साधा सुती दोरा सरकवतात. त्याला मिरजेत आणि गवयांमध्येही 'जीव' म्हणतात. मी आधी दोरा काढून छेडतो.

(दोरा काढून तार छेडली.)

टण्ण. संपला आवाज. आता दोरा घालतो आणि केसाएवढा पुढेमागे सरकवतो.

(दोरा घालून तीच तार छेडली.)

ऐकलंत? तीच तार, तेवढाच ताण, तेच बोट. आवाज थांबला नाही, उलट उलगडत गेला. आधी खाली भरला, मग त्यातून वरचे सूर एकेक करून डोकावले. ही जवारी. तार थरथरताना त्या गोलसर माथ्यावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते. तिची मोकळी लांबी सतत किंचित बदलत राहते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वरांश पुन्हा पुन्हा जागे होतात.

भौतिकशास्त्रात एक जुना नियम आहे. तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश उमटत नाही. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात दाखवलं की वीणा आणि तंबोरा हा नियम मोडतात. जे स्वरांश उमटायला नकोत तेसुद्धा जोरात ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीचा आकार. आम्ही इंजिनिअरिंगला तारेची कंपनं शिकलो, समीकरणं पाठ केली. सगळी धारेवर टेकलेल्या तारेची. कॉलेजपासून दहा-बारा किलोमीटरवर वेगळ्या घोडीवरची तार लावणारी माणसं बसली होती, ते कोणी सांगितलं नाही.

थोडा हिशेब करू, घाबरू नका. गवयाचा षड्ज काळी एक धरला, म्हणजे १३८.६ हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३. खर्जाचा पाचवा स्वरांश ३४६.५ हर्ट्झ. हा गंधार आहे. तंबोऱ्याला गंधाराची तार नाही, तरी जवारी चांगली असेल तर गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता कीबोर्डवरचा तोच गंधार वाजवा: ३४९.२. फरक जेमतेम अडीच-तीन हर्ट्झचा. पण तंबोऱ्याबरोबर गाणाऱ्याला तो खड्यासारखा लागतो.

हा फरक मोजायचा उद्योग आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी झालाय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक छापलं. त्यासाठी गायचे किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, आणि देवल तारेच्या यंत्रावर त्यांचा सूर मोजायचे. ई. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. १९११ मध्ये निघालेल्या 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया'चं नाव साताऱ्याशी जोडलेलं आहे. मंडळींनी श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण गवयांच्या गळी उतरली नाही. मला देवलांचं हसू येत नाही, मी असतो तर हेच केलं असतं. पण खाँसाहेबांची दुसरी बाजू बघा. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, जवारी लावायचे. एवढा मोठा गवई हातात कानस घेऊन बसायचा. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसात तिथे आजही गायक-वादक हजेरी लावतात. 'आपल्यात गाणं-बजावणं चालतं का' असा प्रश्न शिबिरात दरवेळी येतो. त्याचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. त्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या रोजचा प्रश्न जवारी खुलली का, एवढाच राहिलाय.

मी एका कारखान्यात दोन दिवस बसलो होतो. कारखाना म्हणजे घरातलीच पुढची खोली. सत्तरीचे एक चाचा घोडीवर काम करत होते. मी मोबाइलवर ध्वनीचा आलेख दाखवणारं ॲप सुरू ठेवलं. चाचा बारीक कानस घोडीवर एकदा, फक्त एकदा, फिरवायचे, फुंकर मारायचे, तार परत बसवायची, छेडायची, मान हलवायची, परत तार काढायची. असं तासभर. शिकलगाराचा हात म्हणालो ना, तो इथे आहे. धार लावणाऱ्यालाच कळतं की पुढचा एक फेरा जास्त होईल.

मधेच हसून त्यांनी विचारलं, "तेरी मशीन क्या बोलती?" मशीन बरंच काही बोलत होती. पाचवा स्वरांश वाढला, नववा थरथरतोय, खर्जाची तार बाकीच्यांपेक्षा लवकर विझतेय. फक्त कानस कुठे फिरवायची, ते ती बोलत नव्हती. प्रोग्राम कुठे अडकतोय ते दाखवणारी साधनं आमच्याकडेही असतात. दुरुस्ती काय करायची ते शेवटी माणूसच ठरवतो. आणि हे काम एकदा करून संपत नाही. तारेनं घोडीला खाचा पडतात, जवारी बसते, पुन्हा लावावी लागते. एकाला खुली जवारी हवी, दुसऱ्याला बंद, गोल आवाजाची. गवयाचा गळा ऐकून ती ठरते.

आता पैशांचं. चांगला तंबोरा पन्नास वर्षं सहज चालतो. म्हणजे गिऱ्हाईक एकदाच येतं. घर चालतं ते दुरुस्तीवर आणि जवारीवर. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, त्यानंतर ॲप आलं. माझ्याही फोनमध्ये आहे, आणि रियाझाला, प्रवासात ते सोयीचं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण यातल्या अनेक ॲपमध्ये जो आवाज आहे तो कुठल्यातरी खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग आहे. त्या तंबोऱ्याची जवारी कोणीतरी लावली होती. तुम्ही-आम्ही बनवणाऱ्यांनी ते नाव 'माहिती'च्या पानावर टाकायला किती कष्ट पडतात? एक ओळ. लायब्ररी वापरली तर आम्ही तिच्या लेखकाचं नाव लिहितो, परवान्याची तशी अटच असते. जवारीला परवाना नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, जीआय, मिळालं. चांगलं झालं. आता दुसरीकडे बनलेलं वाद्य 'मिरजेचं' म्हणून विकलं तर कायदेशीर अडवता येतं. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. पुढच्या पिढीनं त्या खोलीत बसावं की नाही, हे त्यानं ठरत नाही. चाचांचा नातू कॉम्प्युटर डिप्लोमा करतोय. त्याला 'वारसा जप' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः पुण्याला आलो. तो बसेल तर दोन कारणांनी बसेल. एका जवारीचे पुरेसे पैसे मिळाले, किंवा त्याच्या कामाला नाव मिळालं. आज जवारीला लोक कटिंग-दाढीसारखा भाव करतात, आणि नाव तर नाहीच. साताऱ्यातल्या औंधचा महोत्सव असो की पुण्यातली मैफल, कार्यक्रमपत्रिका बघा. गायक, तबला, पेटी, तंबोऱ्यावर साथ कोणाची, ध्वनिव्यवस्था कोणाची, मांडव कोणाचा, सगळं छापतात. तंबोरा कोणी घडवला आणि जवारी कोणी लावली, हे छापलेलं मी अजून कुठे पाहिलेलं नाही.

आपल्या शिबिराची सांगता उद्या रात्री गाण्यानं आहे. दोन्ही तंबोरे मिरजेहून आलेत, जवारी परवाच लावून घेतलीय. लावणाऱ्याचं नाव मी त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं, आयोजकांकडे दिलंय. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही. 'ध्वनिव्यवस्था'च्या वरती एक ओळ रिकामी आहे, मी बघितलीय.