हाफकिनांचे गुरू



परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना सांगावे लागत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या देहावर टोचून घेणारे वाल्देमार हाफकिन ज्यांचे शिष्य, त्या इल्या मेचनिकॉफ यांचे स्मरण मात्र आपल्याकडे क्वचितच होते. १८४५ साली खारकॉव्ह प्रांतात जन्मलेले हे गृहस्थ ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक होते. १८८८ पासून अखेरपर्यंत पॅरिसची पाश्चर संस्था हीच त्यांची कर्मभूमी.

१८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा रुतवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो, फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला! आक्रमकाला गिळून टाकणाऱ्या या पेशींच्या संशोधनासाठी १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले.

पन्नाशी उलटल्यावर त्यांचे लक्ष आतड्यांकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, तेथील जीवाणूंची विषे रक्तात भिनतात आणि वार्धक्य लवकर ओढवते, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर उपाय कोणता, तर विरजलेले दूध! बल्गेरियन दह्यातील जीवाणू १९०५ च्या सुमारास स्टामेन ग्रिगोरॉव्ह या तरुणाने शोधला होता. मेचनिकॉफ स्वतः असे दूध नित्यनेमाने घेत.

हे ऐकताना आपली मान ताठ होते. चरकसंहितेने अर्शावर ताकाची महती गायिली आहे आणि मठ्ठ्यावाचून आपली पंगत उठत नाही. अभिमान रास्तच, पण पूर्वजांचा अनुभव आणि प्रयोगशाळेतील सिद्धता यांत अंतर असते, आणि ते आपणच कापावयाचे असते.

कारण मेचनिकॉफही अर्धे चुकले होते. मोठे आतडे त्यांना निरुपयोगी, किंबहुना घातक वाटे. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली! आज कळते ते निराळेच. तेथील जीवाणू कोंडा, डाळी, भाज्यांतील तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल निर्माण करतात आणि आतड्याच्या अस्तराचे पोषण मुख्यतः त्यावरच होते. २०१६ च्या एका गणनेनुसार देहात सुमारे ३८ लक्ष कोटी जीवाणू असतात, जवळजवळ आपल्या पेशींइतकेच. दह्यातला तो बल्गेरियन जीवाणू मात्र आतड्यात कायमचा मुक्काम करीत नाही.

मेचनिकॉफ १९१६ साली, ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. मृत्युशय्येवर त्यांनी सहकारी डॉक्टरांना एका वचनाची आठवण दिली : शवविच्छेदन तुम्हीच करा, आणि माझी आतडी नीट तपासा.