दोन-आठची बांगडी



कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. सगळा मुलूख त्याला जोतिबाचा डोंगर म्हणूनच ओळखतो. चैत्र पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. उंचच उंच सासनकाठ्या नाचत येतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, संध्याकाळी पालखी यमाईच्या भेटीला निघते आणि 'चांगभलं'च्या गजरानं डोंगर दणाणून जातो. देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला त्या दिवसांत आमचं बांगड्यांचं दुकान असायचं. दुकान म्हणजे काय, तर चार बांबू, वर ताडपत्री, खाली पोतं आणि दोन पेट्या. आम्ही मणेर. अब्बांच्या आधी आजोबा तिथंच बसायचे. आमच्या घरात रोजे होते आणि जोतिबाची यात्राही होती. या दोन्हींचं भांडण झालेलं मला आठवत नाही.

बांगडीवाल्याच्या पोराला बोलायला लागल्यापासून एक शिकवतात. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. पुढं मी कविता लिहू लागलो. शब्द जपून वापरायचा असतो, हे मला कुठल्या पुस्तकानं नव्हे, त्या पोत्यावर बसून कळलं.

दुसरी गोष्ट शिकायची ती मापं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा. नव्या माणसाला हे कोडं वाटतं. पण हिशेब सोपा आहे. रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचेही सोळा भाग. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार भाग, म्हणजे सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-बारा म्हणजे पावणेतीन. माझा धाकटा भाऊ नऊ-दहा वर्षांचा असताना बाईच्या हाताकडं नुसतं बघून माप सांगायचा. अब्बा त्याला म्हणायचे, "तुझ्या डोळ्यांतच पट्टी हाय रं."

आज मला बोलायचं आहे ते शाळेबद्दल. नेहमीच्या शाळेत जे मूल बसत नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट कोणती, याबद्दल. पण त्याआधी या भावाची गोष्ट सांगायला हवी. कारण ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

साल १९८२. मी सातवीत, तो पाचवीत. चैत्र पौर्णिमा एप्रिलमध्ये आली आणि वार्षिक परीक्षाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दोघांचाही गणिताचा पेपर. दुसऱ्या दिवशी परतीची गर्दी असते. बायका-बापड्या घरी जाताना लेकीसुनांसाठी बांगड्या घेतात, खरा धंदा तेव्हाच होतो. अब्बा आदल्या रात्री म्हणाले, "एकजण तरी ऱ्हावा लागंल." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पहाटे उठलो, दप्तर घेतलं आणि डोंगर उतरायला लागलो. भाऊ पेट्यांमध्ये अंगाचं मुटकुळं करून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.

मी पास झालो. तो गैरहजर, म्हणून नापास.

जूनमध्ये तो पुन्हा पाचवीत बसला. गुरुजी त्याला "या यात्रेकरू" म्हणून हाक मारू लागले. एकदा त्यांनी फळ्यावर गणित घातलं. सव्वादोन अधिक एक अष्टमांश, बरोबर किती? भावाला उभं केलं. तो गप्प. छडी बसली. संध्याकाळी मी त्याला विचारलं, "सव्वादोनची बांगडी घट्ट झाली तर पुढचं माप कुठलं?"

"दोन-सहा."

"किती वाढलं?"

"दोन आणं."

म्हणजे सोळातले दोन भाग, म्हणजेच एक अष्टमांश. फळ्यावरचं गणित त्यानं तोंडानं सोडवलं होतं. मी म्हणालो, "मग शाळंत का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "गुरुजींनी बांगडीचं कुठं इचारलं?"

मार्गशीर्षात तो अब्बांबरोबर सौंदत्तीच्या यात्रेला गेला. परत आला तेव्हा पटावरून त्याचं नाव कमी झालं होतं. पुन्हा घालायला कोणी गेलं नाही. घरचेही नाही, मीही नाही.

मित्रहो, 'पर्यायी शाळा' म्हटलं की आजकाल डोळ्यांपुढं शहराबाहेरची हिरवीगार जागा आणि भरमसाट फी येते. मला त्या शाळांविषयी बोलायचं नाही. महाराष्ट्रात ज्यांनी हा विचार खोलवर रुजवला, त्यांच्यासमोर माझ्या भावासारखीच मुलं होती.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तो भाग आज पालघर जिल्ह्यात येतो. वारली मुलं शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. का येत नाहीत? धाकटी भावंडं सांभाळायची असतात, गुरं राखायची असतात. मग पाड्याच्या अंगणातच बालवाडी भरवली, तिला नाव दिलं अंगणवाडी. गुराखी पोरांसाठी गुरं चरतात त्या कुरणातच शाळा नेली, ती कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं उठून मुलाकडं जावं, इतकी ही साधी गोष्ट. अंगणवाडी हा शब्द पुढं देशभर गेला. कुरणशाळा मात्र आपण विसरलो. कोसबाडचीही टेकडी आणि आमचाही डोंगर. आमच्या पायऱ्यांवर एखादी 'यात्राशाळा' निघाली असती तर, असं मला अनेकदा वाटतं.

फलटणची गोष्ट घ्या. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या भाषाअभ्यासक. त्या फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. शाळेत जाऊनही ज्यांना वाचता येत नव्हतं अशा वस्तीतल्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवायला घेतलं. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि पुढं कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. मुलाच्या घरच्या बोलीला चूक न म्हणता तिथून प्रमाण मराठीकडं जायचं, हा त्या कामाचा गाभा. आमच्या घरात दखनी आणि बाहेर कोल्हापुरी. 'इचारलं' म्हटलं की वर्ग हसायचा. त्यामुळं या कामाचं मोल मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि आमचं कोल्हापूर. ना. सी. फडक्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी शिक्षकांना घडवण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मराठी माध्यम, शिक्षेचं भय नाही, मुलांच्या अनुभवातून शिकणं, मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिणं. २०२० साली लीलाताई गेल्या. त्यांची पुस्तकं मी फार उशिरा वाचली. 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं' हे एका पुस्तकाचं नावच बघा, त्यात सगळं आलं. वाचताना मनात एकच हिशेब चालला होता. भावाचं नाव कमी झालं आणि तीनच वर्षांनी, आमच्या दुकानापासून अठरा किलोमीटरवर, अशी एक शाळा सुरू झाली. बांगडीचं इचारणारी शाळा. आम्हाला तिचा पत्ताही नव्हता.

इथं एक गैरसमज दूर करतो. यात्रा हीच खरी शाळा, पोराला धंद्यात घाला, पुस्तकात काय आहे, असं म्हणणारे लोक भेटतात. बहुतेक त्यांची स्वतःची मुलं चांगल्या शाळेत असतात. भाऊ माप शिकला, हिशेब शिकला, माणसं ओळखायला शिकला. पण २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळं चैत्र यात्रा भाविकांविना झाली. दोन वर्षं पेट्या उघडल्या नाहीत. फेरीवाल्यांसाठी कर्जाची योजना आली, तेव्हा तो अर्ज घेऊन माझ्याकडं आला. मोबाइलवरच्या ओळींवरून बोट फिरवत एकेक अक्षर लावत होता. पन्नाशीला टेकलेला माणूस. मध्येच थांबून म्हणाला, "भाई, त्या दिवशी मला उठवाय पायजे हुतंस."

चाळीस वर्षांत तो एवढंच बोलला. मी काय उत्तर देणार? दुकानानं त्याला जे दिलं ते खरं. पण दुकानानं जे दिलं नाही, ते द्यायलाच शाळा असते. शाळेनं बांगडीचं विचारायला हवं होतं आणि बांगडीपासून त्याला पुढं न्यायला हवं होतं. नुसतं कौतुक करून तिथंच ठेवणं, हीसुद्धा एक प्रकारची उपेक्षाच.

मला स्वतःला मात्र दुसरं दार उघडलं. मी दहावीला इंग्रजीत अडकलो आणि पुन्हा पेट्यांपाशी आलो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. त्या काळी बारावी नसलेल्या प्रौढांसाठी त्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम असे. तो पूर्ण केला की बी.ए.ला प्रवेश मिळे. जोतिबाचा वार रविवार, माघात तर खेट्यांची गर्दी आणि आमची संपर्कसत्रंही रविवारीच. मी वर्गात बसायचो तेव्हा दुकानावर कोण असायचं, हे सांगायला नकोच. माझी बी.ए.ची पदवी भिंतीवर आहे. तिच्यावर एकच नाव छापलंय, पण ती दोघांची आहे.

अशी दारं आजही आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं काढली जातात, साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळाही निघाल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं, अशीही सोय आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घ्या आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला काढून टाकू नका, असं सांगितलं. कागदावर हे सगळं आहे. पण दार आहे हे ज्याला सांगावं लागतं, तो त्या वेळी पायऱ्यांवर बांगड्या भरत असतो. त्याच्यापर्यंत कोण जाणार?

शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात एका राजानं हा प्रश्न विचारला होता. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. पण एक पाहा, दंड पालकाला होता, मुलाला नव्हता. माझ्या भावाच्या वेळी आमच्या घराला कोणी विचारलं नाही, शाळेला कोणी विचारलं नाही. दंड एका दहा वर्षांच्या पोरानं भरला आणि तो अजून भरतो आहे.

मागच्या चैत्रात मी दुकानावर गेलो होतो. भावाची नात तिसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. ती पेटीपाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. बाईंनी सांगितलं होतं, यात्रेत जे बघशील ते लिहून आण, मग वर्गाला सांग. तिनं मापं लिहिली होती. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. पुढं किती डझन गेल्या तेही. भावानं ती वही हातात घेतली, बोट फिरवत सगळं पान वाचलं. एका जागी थांबला आणि म्हणाला, "हितं चुकलंय. दोन-आठचं तीन डझन न्हाईत, चार गेल्यात." तिनं खोडून दुरुस्त केलं.

ही काही नामांकित प्रयोगशील शाळा नव्हे. चार खोल्यांची साधी शाळा. पण त्या बाईंनी एक प्रश्न विचारला आणि कुरणशाळा डोंगरावर आली. माझी शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे. यात्रेहून, ऊसतोडीहून, वीटभट्टीवरून मूल परत येईल, तेव्हा "कुठं होतास?" हे जरूर विचारा, पण दरडावून नको. आणि त्याच्या पाठोपाठ "काय बघितलंस?" हेही विचारा. पालकांनाही सांगणं आहे. दुकानावर एकजण लागतो, हे मला माहीत आहे. पण तो पोरगा असू देऊ नका.

आमच्या धंद्यात बांगडी गेली तरी 'वाढली' म्हणतात. शाळेच्या पटावर मात्र मूल गेलं की नाव 'कमी केलं' असंच लिहितात. तो शब्द तरी खरा आहे. कमीच होतं. म्हणून तो लिहायची वेळ येण्याआधी, कुणीतरी त्या झोपलेल्या पोराला उठवायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)