इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन काय होणार?
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घरोघर एकच चौकशी. सायन्स का कॉमर्स? आर्ट्सचे नाव निघाले तर समोरचा विचारतो, "का, मार्क कमी पडले?" माझ्या अब्बांनाही पुष्कळांनी विचारले. मार्क कमी पडले नव्हते. आपल्याच भागातील एका लहान कॉलेजात इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन मी बी. ए. केले. शेवटच्या वर्षाला वर्गात आम्ही नऊजण. ग्रंथालयाला बहुतेक दिवस कुलूप असे. पुस्तके सरांच्या घरून येत.

मी उर्दू माध्यमातला. मराठीची धास्ती होती. एके दिवशी सरांनी वसईच्या मोहिमेतील छापील पत्रे वाचायला दिली. मोहीम आपल्या दारातली. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतला, आणि खाडीपलीकडची वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली ती मे १७३९ मध्ये. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी छापून काढले, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या हाती पडले. वसई पडली ते साल त्या काळच्या कागदांत असे लिहीत: 'तिसा सलासीन मया व अलफ'. सरांनी ते फळ्यावर लिहिले. वर्ग गप्प! मी मात्र शाळेत अरबी घेतलेली. तिसा नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११३९. सर म्हणाले, हा सुहूर सन. ५९९ मिळवा, १७३८-३९ निघेल. पुढे पत्रांत रवाना, मदत, हुकूम, खर्च, फौज असे शब्द आले, ते तर मी घरी रोज ऐकत होतो. ज्या मराठीला मी भीत होतो तिच्या जुन्या कागदांत माझ्या घरचे एवढे शब्द! पालकहो, मराठ्यांच्या इतिहासाची साधने मोडीत आहेत तशी फारसीतही आहेत. उर्दू वाचणाऱ्या मुलाला फारसीची लिपी नव्याने शिकावी लागत नाही. मोडी शिकावी लागते, पण ती काही महिन्यांत जमते.

राज्यशास्त्राच्या पहिल्या तासाला सरांनी विचारले, नळाला पाणी आले नाही तर अर्ज कुणाकडे कराल? कुणी आमदार म्हणाले, कुणी कलेक्टर. येथे १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. तिच्या हद्दीत राहूनही आम्हाला तिचे काम ठाऊक नव्हते. घटनेचे कलम ३० तेव्हाच वाचले. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क त्यात आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज लिहायलाही तेथेच शिकलो. आज आमच्या इमारतीतले अर्ज माझ्याकडेच येतात (चहा मिळतो, फी नाही).

बी. ए. झाले की नोकरी हातात, असे मी सांगणार नाही. बी. एड. करावे लागले, त्यानंतरही काही वर्षे शिकवण्यांवर काढली. अम्मीने तेव्हा एकदाही आर्ट्सचे नाव काढले नाही, हे मी विसरलेलो नाही.

यंदा माझ्या वर्गातील एका मुलीला इतिहासच घ्यायचा आहे. तिचे अब्बा म्हणाले, "सर, लोक काय म्हणतील?" मी म्हटले, रविवारी मुलीला घेऊन घोडबंदरला या. ते आले. किल्ल्यावरून खाडी दाखवत ती बोलत राहिली, ते ऐकत राहिले. फॉर्म अजून भरलेला नाही.