मतदारयादीतील स्वतःचे नाव



नागझिऱ्याच्या अरण्याला लागून वसलेले चोरखमारा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याची निर्मिती १९९९ ची. त्यापूर्वी हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यात आणि इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात मोडत असे. येथील स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास त्या जुन्या नकाशावरूनच पाहावा लागतो.

१९१९ च्या कायद्याने स्त्रियांना मत द्यावे की न द्यावे, हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटने प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला. मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्ये अनुकूल ठराव केले. मध्य प्रांतात मात्र त्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या अनसूयाबाई काळे या प्रांताच्या कौन्सिलवर नियुक्त झाल्या आणि १९३७ मध्ये विधानसभेच्या उपसभापती झाल्या. चिमूर-आष्टी प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी अविश्रांत खटपट केली. १९५२ मध्ये त्या नागपूरहून लोकसभेत गेल्या.

परंतु हे झाले एका कर्तबगार स्त्रीचे. सामान्य स्त्रीला मत मिळण्याचा मार्ग मालमत्तेच्या दारातून जात होता आणि तिच्या नावावर शेत नव्हते, घर नव्हते, दुकान तर नव्हतेच. १९३५ च्या कायद्याने पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीलाही मत देण्याची सोय केली. मत पत्नीचे, पात्रता पतीची! खाते एकाचे आणि पत दुसऱ्याची, असा हा हिशेब कोणत्याही पेढीवर चालला नसता.

संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो मोडीत काढला आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत दिले. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होताना, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, असंख्य स्त्रियांनी नाव सांगण्याचे नाकारले. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढेच लिहून दिले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे वगळली गेली. निर्णय कठोर होता, पण योग्य होता. पुढे स्त्रिया आपले नाव सांगू लागल्या. (संस्थांच्या देणगी-फलकांवर मात्र ‘अमुक यांच्या धर्मपत्नी’ ही नोंद अद्याप खपते, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नसावी.)

भंडारा मतदारसंघाचे उदाहरण तर घरचेच. १९५४ च्या पोटनिवडणुकीत येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पराभव होऊन भाऊराव बोरकर निवडून आले. त्यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. सहानुभूतीने निवडून आल्या, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. त्याच लोकसभेच्या काळात, १९५६ मध्ये, हिंदू वारसा कायदा संमत झाला, जो जैनांनाही लागू आहे, आणि कन्येला पित्याच्या मिळकतीत वाटा मिळाला. मालमत्ता असेल तर मत, हा जुना क्रम उलटला होता. मत आधी आले, वाटा मागाहून आला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५ साल यावे लागले.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. लोकसभा व विधानसभांसाठी एकतृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेली आहे. गावाची खुर्ची तेवढी हाती आली. तीवर नाव पत्नीचे आणि शब्द पतीचा, असे ‘सरपंचपती’ अनेक गावांनी पाहिले आहेत. १९३५ चा तो हिशेबच येथे दुसऱ्या वहीत उतरवलेला दिसतो.

त्यावर कायद्यातच एक उपाय आहे आणि त्याचा उपयोग फार थोडा होतो. ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. त्या सभेत बोलण्यासाठी पतीची पात्रता लागत नाही. मतदारयादीत स्वतःचे नाव असले की पुरते.