वाचोपचाराची विद्या : विद्यालय कसें निवडावें?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील युवक व पालक यांच्यापुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल सप्ताहांत 'बारावीनंतर काय?' ह्या प्रश्नावर बोलण्यास मला पाचारण केलें, ह्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहें. डॉक्टर, इंजिनियर, नर्स ह्या वाटा आपणांस परिचयाच्या आहेत. आज मी एका कमी रुळलेल्या वाटेविषयीं बोलणार आहें. ती वाट म्हणजे वाचोपचार, अर्थात् स्पीच थेरपी.

बोबड्या मुलाचे उच्चार सुधारणें एवढेंच हें काम, असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा आहे. उशिरां बोलूं लागलेलें मूल, अडखळत बोलणारा विद्यार्थी, दुभंगलेल्या टाळूनें जन्मलेलें अर्भक, पक्षाघातानें शब्द हरपलेला गृहस्थ, कर्करोगामुळें स्वरयंत्र गमावलेला रोगी, घास धड गिळतां न येणारी वृद्ध माता, हे सर्व ह्या उपचारकाच्या दारीं येतात. बोलतां न आल्यानें मनुष्य आपल्याच घरांत परका होतो. त्याला पुन्हा माणसांत आणणारी ही विद्या आहे.

ख्रिस्ती समाजाला हें कार्य नवें नाहीं. सोळाव्या शतकांत स्पेन देशांत पेद्रो पोन्से दे लेओन ह्या बेनेडिक्टाईन संन्याशानें जन्मतः बहिऱ्या मुलांना बोलण्यास शिकविलें. आपल्या मुंबईंतहि १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकारानें मूकबधिरांची शाळा निघाली. हिंदुस्थानांतील अशा शाळांत ती पहिली गणली जाते.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आपल्या देशांत ह्या विद्येची पहिली पदवी बी. ए. एस. एल. पी. ह्या नांवानें ओळखली जाते. वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय तींत एकत्र शिकवितात. तीन वर्षें अध्ययन आणि एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी, असा हा चार वर्षांचा क्रम. बारावीस विज्ञानशाखा हवी. प्रवेश-परीक्षेचे नियम बदलत असतात, म्हणून ते त्या त्या वर्षीं अधिकृत पत्रकांतच पाहावे. पुढें दोन वर्षांच्या एम. एस्सी.ला वाचा किंवा श्रवण ह्यांपैकीं एक शाखा निवडतां येते.

विद्यालय निवडतांना पहिली कसोटी मान्यतेची. १९९२ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्या अभ्यासक्रमास आहे काय, हें फी भरण्यापूर्वींच पाहावें. परिषदेच्या नोंदवहींत नांव असल्यावांचून हा व्यवसाय करणें गुन्हा असून त्यास कैद किंवा दंडाची शिक्षा सांगितली आहे. कांहीं महिन्यांचें शिक्षण देऊन 'थेरपिस्ट' बनविण्याची जाहिरात कोणी केली, तर त्या दाराकडे फिरकूं नका. त्यांत पैसा जातो, तरुणाचीं वर्षें जातात, आणि ज्या बालकावर असा अर्धशिक्षित हात पडतो, त्याचीं भाषा शिकण्याचीं अमोल वर्षें जातात. तीं परत येत नाहींत.

दुसरी कसोटी रुग्णांची. पोहणें जसें पुस्तक वाचून येत नाहीं, तसेंच हें. इमारत किती मोठी हें पाहण्यापेक्षां असें विचारा : येथील उपचार-केंद्रांत रोज किती रुग्ण येतात? विद्यार्थ्याच्या हातीं रुग्ण कोणत्या वर्षीं येतो? शेजारीं उभे राहून चुका सुधारणारे शिक्षक किती? बालकांबरोबर पक्षाघाताचे व गिळण्याच्या तक्रारींचे रुग्णहि पाहावयास मिळतात काय? मुंबईंतील नायर रुग्णालयाशीं संलग्न असलेला टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग, वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, आणि म्हैसूर येथील १९६५ सालची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, हीं ह्या विद्येचीं नांवाजलेलीं स्थानें होत. तेथें एक दिवस जाऊन यावें, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकांतांत विचारावें. खरें उत्तर तेथेंच मिळतें.

तिसरी कसोटी भाषेची. माझ्या मतें ही आपणां वसईकरांस सर्वांत महत्त्वाची. आपल्या मुलांच्या कानीं घरीं सामवेदी किंवा वाडवळी पडते, मंदिरांत मराठी, शाळेंत इंग्रजी. असें मूल वर्गांत गप्प बसलें, कीं 'ह्याला दोष आहे' असें कोणी म्हणतें, आणि 'घरची बोली सोडा' असा सल्ला मिळतो. ह्या सल्ल्यास आधार नाहीं. दोन-तीन भाषा ऐकल्यानें वाचादोष उत्पन्न होत नाहीं. खरा भाषादोष मुलाच्या सर्व भाषांत दिसून येतो. केवळ इंग्रजींत अडखळणाऱ्या मुलाला अजून इंग्रजी यावयाची आहे, इतकेंच. बोली सोडविली तर मात्र तें मूल आजी-आजोबांच्या गोष्टींनाहि मुकतें. म्हणून पाहा कीं विद्यालयांत मराठी रुग्णांना मराठींत तपासतात काय, आणि अनेक भाषा बोलणाऱ्या मुलांची पारख शिकवितात काय. ज्याला बोलीचा कान आहे असा उपचारक आपल्याच गांवांतून निघाला, तर त्याचें मोल परक्या पंडिताहून अधिक ठरेल.

चौथी गोष्ट, परदेशाची. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें तिकडे स्थायिक होत आहेत. अमेरिकेंत ह्या व्यवसायास पदवी पुरत नाहीं. मान्यताप्राप्त द्व्युत्तर पदवी लागते, आणि तेथील राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठीं ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. शिवाय प्रत्येक राज्याचा परवाना निराळा. ज्यांच्या मनांत तसा विचार असेल त्यांनीं पहिल्या वर्षापासूनच आपल्या कामाच्या तासांची सहीशिक्क्यानिशीं नोंद ठेवावी.

शेवटची कसोटी विद्यालयाची नव्हे, तर स्वतःची. एका अक्षरासाठीं आठवडेच्या आठवडे खर्चण्याचा धीर आपणांत आहे काय? दुसऱ्याचें वाक्य पुरें होईपर्यंत आपणांस थांबतां येतें काय? अडखळणाऱ्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेण्याची संवय असेल, तर गुणपत्रिका कितीहि उजळ असो, ही वाट आपली नव्हे.

पालकांनो, मुलाचा किंवा मुलीचा ओढा इकडे दिसला, तर 'हें कसलें शिक्षण?' म्हणून मोडता घालूं नका. येत्या सुटींत त्यांना एखाद्या उपचार-केंद्रांत घेऊन जा. आणि ग्रामस्थांनो, ज्याची ऐपत नाहीं अशा एका तरी विद्यार्थ्याच्या चार वर्षांचा भार ह्या धर्मग्रामानें उचलावा, अशी माझी नम्र सूचना आहे. महोत्सवाची रोषणाई आठ दिवसांत उतरेल. त्या विद्यार्थ्याच्या हातून एखाद्या मुक्या लेकरानें 'आई' म्हटलें, तर तें स्मारक पुढील पिढीपर्यंत टिकेल.