एकसारखी घरे, निरनिराळी माणसे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, विश्रांतवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विश्रांतवाडीच्या चौकातून एक रस्ता आळंदीकडे जातो, दुसरा धानोरीकडे आणि तिसरा टिंगरेनगरमार्गे विमानतळाकडे. दरवर्षी माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून याच चौकात येते आणि फुलेनगरमार्गे पुण्यात प्रवेश करते. पालखीचा मार्ग तोच राहिला. मार्गाच्या दोन्ही बाजू मात्र पार बदलून गेल्या. जेथे शेते, माळ आणि लष्करी हद्दीची तारेची कुंपणे होती, तेथे आज इमारतींच्या ओळी उभ्या आहेत. या इमारतींतील बहुतेक घरांचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. ही घरे कोणा एका कुटुंबाने आपल्या गरजेप्रमाणे बांधलेली नाहीत. एक नकाशा तयार झाला, त्या नकाशाची शेकडो घरे एकाच वेळी उभी राहिली आणि मग त्यांत माणसे राहावयास आली. वाडा पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. वसाहत एकदम जन्माला येते. या एकदम जन्मलेल्या वसाहतींचा इतिहास हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा इतिहास प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. युद्ध संपले तेव्हा जगभर घरांचा भीषण तुटवडा होता. बॉम्बवर्षावाने ब्रिटनमधील असंख्य घरे जमीनदोस्त झाली होती. तेथील सरकारने १९४४ साली कायदा करून कारखान्यात तयार होणारी तात्पुरती घरे उभारावयास घेतली आणि काही वर्षांतच अशी दीड लाखांहून अधिक घरे झाली. ती सुमारे दहा वर्षे टिकावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांपैकी कित्येक घरांत माणसे त्याहून कितीतरी अधिक काळ राहिली. सरकारी भाषेतील ‘तात्पुरते’ हा शब्द घरांच्या बाबतीत किती फसवा असतो, याचे हे पहिले उदाहरण.

अमेरिकेत हे काम खासगी बांधकाम व्यावसायिकांनी केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत लेव्हिट आणि पुत्र या कंपनीने १९४७ साली लेव्हिटटाउन उभारण्यास आरंभ केला. मोटारीच्या कारखान्यात गाडी कामगारासमोरून सरकत जाते. येथे घर जागेवर राहिले आणि कामगारांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घराकडे सरकत गेल्या. घर बांधण्याची क्रिया २७ टप्प्यांत विभागलेली होती. एक टोळी पाया घाली, दुसरी चौकट उभी करी, तिसरी केवळ रंग देई. काम ऐन भरात असताना दिवसाला तीस घरे पूर्ण होत. पहिल्या नमुन्याचे घर ७५० चौरस फुटांचे होते. १९५१ पर्यंत तेथे १७,४४७ घरे झाली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यान्वये सरकारी हमीचे कर्ज मिळत असल्याने सामान्य पगारदार माणूस प्रथमच घराचा मालक झाला. ही कामगिरी लहान नव्हती.

परंतु या यशाला एक काळी किनार होती. त्या घरांच्या करारपत्रांत गौरवर्णीयांखेरीज अन्य कोणी तेथे राहू नये असे कलम होते. घरकाम करणाऱ्या नोकरांपुरता अपवाद केलेला होता. अशा अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. कलम गेले, तरी व्यवहार बदलला नाही. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य राहावयास आले, तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव जमला आणि दगडफेकही झाली. ज्या सैनिकांनी खांद्याला खांदा लावून युद्ध जिंकले, त्यांतील एकाला घर मिळाले आणि दुसऱ्याला केवळ वर्णामुळे नाकारले गेले. घरे भरभर बांधण्याचे तंत्र साध्य झाले होते. ती कोणाला द्यावयाची, या प्रश्नाला तंत्राजवळ उत्तर नव्हते. वसाहतींच्या इतिहासात हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे युद्धसमाप्तीपाठोपाठ फाळणी आली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. तीच वस्ती १९४९ साली उल्हासनगर झाली. पुण्याजवळ पिंपरी कॅम्प असाच वसला. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९५२ साली केंद्र सरकारची औद्योगिक कामगारांसाठीची अर्थसाहाय्यित गृहयोजना आली आणि १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची योजना सुरू झाली. या योजनांतून मुंबईत चेंबूरचे टिळकनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, गोरेगावचे मोतीलालनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र गृहनिर्माण मंडळ आले आणि १९७७ साली त्याचे ‘म्हाडा’मध्ये रूपांतर झाले. लोकांच्या तोंडी मात्र ‘हौसिंग बोर्ड’ हेच नाव कायम राहिले. येरवड्यापासून विमानतळ रस्त्याकडे जाताना लागणाऱ्या वसाहतीला आजही लोक ‘महाराष्ट्र हौसिंग बोर्ड’ म्हणूनच ओळखतात.

लेव्हिटटाउनचे घर स्वतंत्र होते. त्याला पुढे हिरवळ आणि मागे अंगण होते. हौसिंग बोर्डाचे घर म्हणजे बहुधा एक खोली, एक स्वयंपाकघर आणि बाहेर सामाईक जिना. तरीही चाळीत किंवा वाड्याच्या एका खणात संसार करणाऱ्या कुटुंबाला स्वतःचा नळ, स्वतःची मोरी आणि दाराला स्वतःची कडी मिळाली, हे स्थित्यंतर फार मोठे होते. सासू, सून आणि शिकणारी मुले यांच्या नात्यांत या एका भिंतीने केवढा फरक पडला, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनाच ठाऊक.

पुण्याच्या बाबतीत मात्र वसाहतींच्या इतिहासाची मुख्य तारीख युद्धाची नाही, पुराची आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार आदी पेठांत शिरले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण शक्य तितका वेळ तग धरून ठेवले, म्हणून लोंढा दिवसाउजेडी आला आणि असंख्य प्राण वाचले. घरे मात्र वाचली नाहीत. पुनर्वसनाची सूत्रे पुण्याचे माजी महापालिका आयुक्त स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवण्यात आली. लोकमान्यनगर, गोखलेनगर, दत्तवाडी, सहकारनगर ही नावे पुण्याच्या नकाशावर ठळक झाली ती या पुनर्वसनातून. कोठे मंडळाने इमारती बांधल्या, तर कोठे पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थांना जमिनी देण्यात आल्या.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेण्याजोगी आहे. पेठेतील वाड्यात कोण कोणाच्या शेजारी राहणार, हे जात, नाते आणि व्यवसाय यांवरून ठरत आले होते. पुराने ती वीण उसवली. घर मिळण्यासाठी कुटुंबाची एकच पात्रता उरली, ती म्हणजे त्याचे घर वाहून गेले होते. ज्या कुटुंबांची एरव्ही उंबरठ्यावर गाठ पडली नसती, ती एका जिन्यावर राहू लागली. आपत्तीने घडवलेला हा शेजार पुढे टिकला आणि रुजला, हे त्या वसाहतींचे खरे यश मानले पाहिजे.

विश्रांतवाडी परिसराची जडणघडण थोडी निराळी आहे. एका अंगाला खडकीची छावणी व दारूगोळा कारखाना, दुसऱ्या अंगाला लोहगावचा हवाई तळ आणि आळंदी रस्त्यावर संरक्षण खात्याच्या संस्था. त्यामुळे येथे प्रथम आले ते लष्कराशी आणि कारखान्यांशी संबंधित नोकरदार. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, भोसरी व पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढले आणि कामगारांना या बाजूची जागा सोयीची वाटू लागली. बोर्डाची घरे सर्वांना पुरणारी नव्हती. ज्यांना ती मिळाली नाहीत, त्यांनी पत्रे आणि विटा यांच्या आधाराने आपली वस्ती आपणच उभी केली. फुलेनगर आणि शांतिनगर यांसारख्या वस्त्यांतील माणसांनी इतरांच्या इमारती बांधल्या, घरकामे केली, रिक्षा चालवल्या. त्यांना वगळून या उपनगराचा इतिहास लिहिता येणार नाही.

१९७० नंतर चित्र पुन्हा पालटले. सदनिकांच्या खरेदी-विक्रीसंबंधी १९६३ चा कायदा आणि अपार्टमेंटच्या मालकीचा १९७० चा कायदा यांमुळे जमीन नसतानाही घराचे मालक होता येऊ लागले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुण्यासारख्या शहरात मोकळ्या जमिनीची मर्यादा १,००० चौरस मीटर ठरवली. त्यातून सूट मिळवण्यासाठी दुर्बल घटकांकरिता लहान सदनिकांच्या योजना पुढे आल्या. १९७७ साली स्थापन झालेल्या एचडीएफसीने पगारदाराला दीर्घ मुदतीचे गृहकर्ज देण्याची प्रथा रुजवली. १९९७ मध्ये महापालिकेची हद्द वाढून कळस व धानोरी शहरात आली. लोहगावचा उर्वरित भाग २०१७ साली आला. अनेक ठिकाणी इमारती आधी आल्या आणि पाण्याची व सांडपाण्याची व्यवस्था मागाहून. टँकरची वाट पाहणे हा नव्या उपनगराचा दिनक्रम झाला.

या टप्प्यावर घर कोणाला मिळावे, हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. बोर्डाचे घर अर्ज, उत्पन्नाची मर्यादा आणि वाटप यांवर मिळे. शेजारी कोण येणार, हे कोणाच्या हाती नव्हते. खासगी आणि सहकारी इमारतीत मात्र निवड करता येते. आपापल्या समाजाची सोसायटी असावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. धर्मस्थान पायी जाण्याच्या अंतरावर हवे, वृद्धांना ओळखीची माणसे आसपास हवीत, सण-उत्सव एकत्र व्हावेत, यात गैर काही नाही. पारशी समाजाच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी वैध ठरवली. कायद्याची बाजू अशी आहे.

परंतु कायद्याने अनुमती दिली म्हणजे विवेकाचे काम संपले असे होत नाही. आडनाव ऐकून घर नाकारणे, स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी करून भाडेकरू परत पाठवणे, हे प्रकार आपल्या शहरांत घडतात आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. आहाराचा नियम हे स्वतःवर घेतलेले बंधन आहे. ते आपल्या घरात कसोशीने पाळावे. दुसऱ्याच्या दारावर त्याची पाटी लावली की त्याचे व्रतपण उरत नाही. लेव्हिटटाउनच्या करारपत्रातील कलम वाचताना ज्यांना संताप येतो, त्यांनी आपल्या सोसायटीच्या न लिहिलेल्या कलमांकडेही एकदा पाहावे.

हे सर्व आजच सांगण्याचे कारण असे की, या वसाहती आता दुसऱ्यांदा जन्म घेत आहेत. साठ वर्षांपूर्वीच्या इमारती जीर्ण झाल्या. जिने अरुंद आहेत, गिलावा सुटतो आहे आणि उद्वाहक नसल्याने चौथ्या मजल्यावरचे आजी-आजोबा घरातच अडकून पडतात. पुनर्विकास अटळ आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने त्याला वाट करून दिली आहे. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी कलम ७९-अ अन्वये ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश निघाले आहेत. विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव या भागात हवाई तळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा येतात. इतरत्र शक्य असलेले आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. माहितीपत्रकातील उंच मनोऱ्याचे चित्र पाहून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी उंचीचा दाखला पाहणे हे साधे शहाणपण आहे.

मात्र चटईक्षेत्र आणि कोपऱ्यातली सदनिका एवढ्यावरच सर्वसाधारण सभा संपू नये. आणखी काही प्रश्न सभेत विचारले गेले पाहिजेत. नव्या इमारतीची मासिक देखभाल वर्गणी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला झेपेल काय? बांधकामाच्या काळातील भाडे थांबले, तर जबाबदारी कोणाची? वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूचे काय? मुलांचे खेळण्याचे मैदान वाहनतळाखाली जाणार काय? ज्या विधवा भगिनीच्या नावावर अद्याप वारसनोंद झालेली नाही, तिची नोंद सही घेण्यापूर्वी कोण करून देईल? या प्रश्नांची लेखी उत्तरे करारनाम्यात आली, तर पुनर्विकासानंतर जुना शेजार टिकेल. अन्यथा इमारत नवी होईल आणि मूळचे रहिवासी वर्षा-दोन वर्षांत सदनिका विकून आणखी लांबच्या उपनगरात जातील.

धर्मादाय संस्थांना येथे मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. कागदपत्रे समजावून देणारे जाणते वकील, लेखापरीक्षक आणि अभियंते प्रत्येक समाजात असतात. महिन्यातील एक रविवार त्यांनी परिसरातील कोणत्याही सोसायटीच्या, कोणत्याही जातिधर्माच्या सभासदासाठी दिला, तर अनेक वृद्धांची घरे वाचतील. अशा कामासाठी एक टेबल आणि चार खुर्च्या पुरेशा आहेत, आणि ही सुवर्णमहोत्सवी वास्तू त्यासाठी योग्य स्थान आहे. या सूचनेचा विश्वस्त मंडळाने अवश्य विचार करावा, ही विनंती.