शेठ आले की सर्व्हर जातो

आजचा भाग गावाकडून, म्हणजे नारायणगावातून रेकॉर्ड करतोय. मागे पिकअपचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या, टोमॅटोचा सीझन चालू आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी भोगलेला असणार. छोट्या ऑफिसातला सर्व्हर मध्येच डिस्कनेक्ट होतो, थोड्या वेळाने आपोआप परत येतो, आणि कारण काही सापडत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका आडत्याचा गाळा आहे. ऑफिसात चार कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काय, एक साधा विंडोज पीसी, त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर. लिलाव झाला की किती क्रेट, काय भाव, हमाली किती, हे सगळं त्यात भरायचं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. आता ऐन गर्दीत सर्व्हर गेला की पट्ट्या थांबतात. बाहेर शेतकरी ताटकळत उभा, त्याची गाडी भाड्याची, आणि शिव्या खाणार कोण? आत बसलेले दिवाणजी काका.

काकांचं एकच म्हणणं होतं, "शेठ, आत्ता पाच मिनिटांपूर्वी चालू होतं हो." आणि शेठ म्हणायचे, "दिवाणजी, मी येतो तेव्हा बरं बंद असतं!" गोष्ट इतकी ताणली की काका मला म्हणाले, "हा सीझन संपला की मी येणार नाही बाबा. इतकी वर्षं वही लिहिली, कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं."

मग मी दोन दिवस सुट्टी टाकून आलो.

आधीच बरेच प्रयोग झाले होते. केबल बदलली, स्विच बदलला, अँटिव्हायरस काढला. एकाने तर खात्रीने सांगितलं, "खोडदच्या दुर्बिणीमुळे होतंय." आता आपल्या शेजारच्या जीएमआरटीच्या ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, हे खरं. पण ती रेडिओ दुर्बीण आहे, ती आकाशातून येणाऱ्या लहरी फक्त ऐकते, स्वतः काही पाठवत नाही. शिवाय तिचं काम साधारण दीड गिगाहर्ट्झच्या खाली चालतं आणि आपलं वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर. उलट आपल्या यंत्रांचा त्रास तिलाच होऊ शकतो. त्यामुळे दुर्बीण निर्दोष!

मी काकांना विचारलं, "नेमकं कधी कधी बंद पडतं?" मला वाटलं म्हणतील, कधीही. तर त्यांनी वही उघडली. वहीच्या मागच्या पानावर तारीख, बंद झाल्याची वेळ, परत चालू झाल्याची वेळ, सगळं व्यवस्थित. मंडळी, मोठमोठ्या कंपन्यांत एवढा चांगला लॉग मिळत नाही. ते पान वाचलं आणि लक्षात आलं की हे रँडम अजिबात नाही. लिलावानंतर अर्धा-पाऊण तास, आणि मग संध्याकाळी एकदा. म्हणजे अगदी शेठ गाळ्यावर असतात तेव्हाच!

दुसऱ्या दिवशी मी एका कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडून सतत पिंग लावून ठेवलं, एक राऊटरला, एक सर्व्हरला. पिंग म्हणजे "आहेस का?" अशी हाक, समोरचा म्हणतो "आहे." शेठ आले, खुर्चीत बसले, आणि दोन मिनिटांत सॉफ्टवेअर डिस्कनेक्ट. गंमत म्हणजे पिंग थांबलंच नाही! सर्व्हर "आहे" म्हणत होता. फक्त उत्तराची वेळ १ मिलिसेकंदाच्या आतून एकदम ६० वर गेली, आणि शेजारचा टीटीएल नावाचा आकडा १२८ चा ६४ झाला. विंडोज सहसा १२८ पाठवतं. ६४ पाठवतात अँड्रॉइड, लिनक्स, आयफोन वगैरे. म्हणजे उत्तर देणारा सर्व्हर नव्हताच, दुसरंच कुणीतरी होतं.

हे कसं होतं? समजा हमालाने ओरडून विचारलं, "५० नंबरचा गाळा कुठला?" आणि दोन गाळ्यांतून आवाज आला, "इकडे!" शेवटचा आवाज ज्याचा, क्रेट तिकडे. नेटवर्कमध्ये हे काम एआरपी करतो. हा १९८२ सालचा प्रोटोकॉल, आणि तो कुणाकडे ओळखपत्र मागत नाही. सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.५०, आणि तोच पत्ता आणखी एकाकडे होता.

एआरपीची यादी काढली तर ५० समोर वेगळाच मॅक ॲड्रेस, आणि त्यातलं दुसरं अक्षर ६. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक वेळा फोनने स्वतः बनवलेला रँडम मॅक असतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन हे आपोआप करतात. मी म्हटलं, "शेठ, जरा तुमचा फोन बघू." वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस: १९२.१६८.१.५०.

ऑफिसात एकदम शांतता. मग शेठ म्हणाले, "म्हणजे मीच होतो तर."

मूळ कारण जूनमधलं. जुना राऊटर जळाला, नवा बसवला. जुना राऊटर फोनना १०० पासून पुढचे पत्ते वाटायचा, नवा २ पासूनच वाटायला लागला. सर्व्हरचा ५० मात्र हाताने ठरवून दिलेला, राऊटरला त्याचा पत्ताच नाही. एकदा सर्व्हर बंद असताना त्याला ५० मोकळा दिसला आणि त्याने तो शेठच्या फोनला दिला. फोन रोज येऊन तोच परत मागायचा.

उपाय दहा मिनिटांचा. राऊटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये वाटपाची सुरुवात १०० पासून केली, राऊटर रीस्टार्ट केला, शेठच्या फोनमधून ते वायफाय फर्गेट करून परत जोडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय केलं. नंतर सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर सिस्टम लॉगमध्ये ४१९९ नंबरच्या एररच्या ओळीच ओळी. तो नंबर पत्त्याच्या भांडणाचाच, आणि सोबत समोरच्याचा मॅक ॲड्रेससुद्धा. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

तर तुमच्याकडे असं झालं तर केबल नंतर बदला. आधी बंद पडण्याच्या वेळा लिहा, आणि त्या वेळी कोण आलं, काय चालू झालं तेही. मग दोन पिंग लावा. राऊटरही गेला तर केबल, स्विच किंवा लाईट बघा. राऊटर ठीक आणि टीटीएल बदलला तर पत्त्याचं भांडण. आणि "काहीच बदललं नाही" असं कुणी म्हणालं तर राऊटर कधी बदलला ते विचारा.

काका अजून गाळ्यावर आहेत. वहीचं ते पान मी फाडू दिलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या ऑफिसातला असा किस्सा असेल तर नक्की पाठवा.